सासूनं हात उचलला, पण का?

…आणि वर म्हणतात काय, नवीन लेखकांना सल्ला पचत नाही! अहो, पचेल कसा? आमच्या तेजलचंच बघा ना. भांडुपची पोरगी, बँकेतली नोकरी सोडून अंधेरीत मालिका लिहायला आली, तर पहिल्याच दिवशी, तुम्हाला सांगतो, चहा एक आणि सल्ले अकरा! 'वाक्य छोटं ठेव.' 'पात्रं रडव.' 'बघणारी बाई भाजी निवडत असते, तिची मान वर आली पाहिजे!' आणि चॅनेलच्या दिशा मॅडम फोनवर, "तेजल, भागाच्या शेवटी सासू सुनेच्या थोबाडीत मारते. ओके?"

तेजल म्हणाली, "पण का?"

"का म्हणजे? शुक्रवारचा भाग आहे ना!"

आता ही बया जन्माची चौकस! लहानपणी भर आरतीत 'पण उंदीरच का?' विचारून धपाटा खाल्लेली. मुख्य लेखक जयवंत सर वैतागले. "सुनेनं कप फोडला म्हणून मारलं. टाइप कर!" केलं बिचारीनं.

दुसऱ्या दिवशी सेटवर… मी तिथंच, प्रॉम्प्टर म्हणून उभा… सासू झालेल्या माधुरीताई, चाळीस वर्षं नाटकात काढलेली मालवणी बाई, कॅमेरा सुरू झाला तरी हाताची घडी सोडेनात! "मारू? पण का? एका कपासाठी?"

सरांनी लगेच बोट दाखवलं. "ही लेखिका! तेजल, दहा मिनिटांत कारण दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

आणि पोरीनं काय करावं? सरळ गेली, ताईंच्या पायाशी बसली. "ताई, तुम्ही खरंच कधी कुणाला मारलंय?"

ताईंनी हाताची घडी सोडली. मग म्हणाल्या, "एकदाच. पोरगी घाटकोपरच्या बाजारात हरवलेली. दोन तासांनी गावली, तर आधी मारलंय, मगे पोटाशी धरलंय."

"पण का?"

"जीव गेलेलो गो माझो. तो परत इलो, तो सरळ हातातच इलो!"

झालं! तेजलनं तिथल्या तिथं लिहिलं. सून दिवसभर बेपत्ता, फोन बंद, संध्याकाळी दारात उभी. सासूचा हात वर जातो… तिथंच थांबतो… आणि सुनेच्या डोक्यावर येतो. तुम्हाला सांगतो, जयवंत सर चष्मा पुसत होते!

दिशा मॅडमचा फोन. "झकास! मी रडले यार! फक्त शुक्रवारी हात वर जाऊ दे, खाली सोमवारी आणू." पुन्हा शूट! सोमवारी फोन, "लोक सारखे विचारतायत, हात का उचलला? मग एवढ्यात खाली कशाला आणायचा?"

आज गुरुवार. हात वरच आहे. ताईंच्या कोपराखाली उशी दिलीय, आणि तेजल शेजारी बसून पुढचे तीन भाग लिहितेय… हात जरासा हलतो, त्याचे.