चौथा बार

लार्च काउंटी शेरीफ कार्यालय, आयडाहो. दि. ५ डिसेंबर.

नाव: रोवेना हॉस्केट. वय: ४४. शिक्षण: बी.एससी. धंदा: नोकरी, काउंटीची पाणी तपासणी प्रयोगशाळा. राहणार: हॅरो क्रीक रस्ता, खडीखाणीलगतचे शेवटचे घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझे पती एमेट हॉस्केट, वय ४७, धंदा सुतारकाम, यांच्यासोबत राहते. "राहत होते" असे टाइप झाले होते. ते मी डेप्युटी टॉबिन यांना बदलायला सांगितले व त्यांनी बदलले. एमेट दि. ९ नोव्हेंबरपासून बेपत्ता आहेत.

एमेट यांच्या रायफलविषयी. ती सेमी-ऑटोमॅटिक आहे. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी आणि घरामागच्या खाणीत निशाणेबाजीसाठी एमेट यांनी गेल्या हिवाळ्यात सुटे भाग मागवून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती जुळवली. मी शेजारी बसत असे. एमेट डावखुरे आहेत. बाजारात मिळणारी रायफल रिकामी पुंगळी उजवीकडे फेकते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून. म्हणून त्यांनी डावीकडे फेकणारे भाग शोधून आणले. नळी आखूड घेतली, कारण झाडीत लांब नळी अडकते. दुर्बीण हलकी, कारण चढ उभा आहे. दस्त्यावर गाल टेकतो तिथे त्यांनी अक्रोडाच्या लाकडाची पट्टी स्वतः घडवून बसवली, कारण त्यांची मान लांब आहे. मॅगझिन पाच राउंडचे. डावीकडे पुंगळी टाकणारी दुसरी रायफल या खोऱ्यात असल्याचे माझ्या माहितीत नाही. माहितीत नाही, एवढेच मी म्हणते.

एमेट यांचा धाकटा भाऊ बॉइड, वय ३९, राहणार स्पोकेन, हा दर मोसमात आमच्याकडे येतो. फेब्रुवारीत तो टेबलाशी उभा राहून म्हणाला होता, "दादा, अजून खेळणं जोडतोयस? तोवर तो एल्क म्हातारा होऊन मरेल." एमेट म्हणाले, "मरू दे. तुझ्या गोळीने लंगडत फिरण्यापेक्षा बरं."

आमच्या भागात डोंगरात वाट चुकलेला माणूस ओळीने तीन बार काढतो. ज्याने ऐकले तो एकच काढतो. त्या एकाचा अर्थ असा की, ऐकलं, आहेस तिथेच थांब, मी येतोय. म्हणून एमेट यांचा घरचा नियम होता, की मोसमात खाणीत निशाणा लावताना तीन बार काढायचे नाहीत, चार काढायचे. बॉइड याला हा नियम माहीत होता. दि. ८ रोजी जेवताना या नियमाचा विषय पुन्हा निघाला तेव्हा बॉइड मला म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरात नेम चुकवायचीसुद्धा पद्धत ठरलेली." एमेट हसले. मीही हसले.

दि. ९, शनिवार. उजाडण्यापूर्वी एमेट सदर रायफल घेऊन एकटे वरच्या कड्याकडे गेले. बॉइड याच्या नव्या दुर्बिणीचा निशाणा लागलेला नव्हता, म्हणून तो खाणीत निशाणा लावायला मागे राहिला. दर शनिवारी मी जुनी बंदूक खांद्याला अडकवून ओढ्याच्या बाजूने पाण्याचे नमुने घ्यायला जाते. त्या दिवशी धुके उतरले म्हणून गेले नाही. एमेट यांना ते कळण्याचे काही साधन नव्हते.

मी पाव भाजत होते. खाणीतून तीन बार ऐकू आले. मी हात थांबवला आणि चौथ्याची वाट पाहिली. जरा वेळाने चौथा आला, थोडा बसका. मी पुन्हा कामाला लागले.

बॉइड आत आला तेव्हा मी विचारले, "मध्येच का थांबलास?"

"कुठे? तीन मारल्या, तिन्ही एका नाण्याखाली झाकतील अशा. म्हटलं, आता दुर्बिणीला हात लावायला नको."

"चार."

"तीन, वहिनी. रसायनं हुंगून तुझे कान गेले."

त्यानंतर आम्ही दोघांनी पाव खाल्ला. तो गरम होता.

अंधारू लागले तरी एमेट आले नाहीत, तेव्हा चौथा बार कोणाचा होता हे माझ्या लक्षात आले. मी बॉइड याच्याकडे पाहिले. त्याच्याही लक्षात आले असावे. ही त्याच्याविरुद्ध तक्रार समजू नये.

शोधपथकाला तिसऱ्या दिवशी रायफल सापडली. ती पायवाट सोडून, घराच्या बाजूच्या उतारावर, एका लार्चच्या झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली होती. दुर्बिणीवर झाकण घातलेले होते. मॅगझिनमध्ये चार राउंड होते. पावले सरळ खाली ओढ्याकडे येत होती. पुढे वाऱ्याने बर्फ सरकले होते. रायफल त्यांनी का ठेवली हे मला सांगता येत नाही. कोणाला तरी उचलून आणायचे असेल तर दोन्ही हात मोकळे लागतात. हा माझा अंदाज आहे. रायफल तेव्हापासून या कार्यालयात सीलबंद आहे.

रायफल सापडल्यानंतर एका सकाळी मला त्याच लार्चच्या अंगाने एक बार ऐकू आला. मी कोणाला सांगितले नाही, कारण मला खात्री नव्हती.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी दुसरा ऐकू आला, ओढ्याजवळच्या झाडीतून. त्या वेळी बॉइड अंगणात लाकडे फोडत होता. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

मी म्हणाले, "ऐकलंस?"

"फांदी मोडली. बर्फाचं वजन."

"एकच?"

"फांद्या काय मोजून मोडतात, वहिनी?" असे म्हणून तो आत गेला. कुऱ्हाड रात्रभर बाहेर राहिली.

दि. १ डिसेंबर रोजी सकाळी ताजे बर्फ पडलेले असताना खाणीतून एक बार आला. खिडकीची काच थरथरली. मी गेले. निशाणा लावायच्या बाकाभोवती पावले नव्हती. परत फिरताना माझीच काय ती होती. बाकाच्या डाव्या बाजूला बर्फात एक अरुंद भोक होते आणि त्याच्या तळाशी पुंगळी होती. गरम पुंगळी अशीच खाली उतरत जाते. मी ती उचलली तेव्हा हातमोज्यातून ऊब लागली. तिच्या काठावर नखाएवढी खाच आहे. आमची रायफल तशीच खाच पाडते. खाच सारखी आहे; पुंगळी तिचीच आहे, असे मी म्हणत नाही.

पुंगळी मी त्याच दिवशी इथे जमा केली. डेप्युटी टॉबिन म्हणाल्या, "रोवेना, कोणीतरी जुनी टाकून गेलं असेल."

मी म्हणाले, "गरम?"

त्यांनी उठून माझ्यासमोर कपाट उघडले. सील शाबूत होते. त्यांनी पिशवी उजेडात धरून मॅगझिनमधले राउंड पाहिले आणि कपाट बंद केले. मग कुलूप लागले आहे का, ते पुन्हा ओढून पाहिले.

सोमवारपासून शोध वसंतापर्यंत थांबवणार, असे मला कळवण्यात आले आहे. माझी विनंती अशी. आजवर कडा, पायवाट आणि लार्चच्या आसपासचा उतार पाहून झाला. लार्च, ओढ्याजवळची झाडी आणि खाण या जागा नकाशावर जोडल्या तर सरळ रेघ येते. ती ओढा ओलांडते तिथे बीव्हर या प्राण्यांनी घातलेला जुना बांध आहे. त्या जागी बर्फाखाली कोणी पाहिलेले नाही. मी ऐकले ते कोणी खरे मानावे असे मी म्हणत नाही. बायको खाणीतून हाक देते आहे असे ज्याला वाटले, तो माणूस सरळ रेघेनेच येईल, एवढे तरी मानावे. एक दिवस आणि एक कुत्रा द्यावा. नकाशा जोडला आहे.

पती हयात आहेत असे वाटते काय, असे मला विचारण्यात आले. मी प्रयोगशाळेत काम करते. या थंडीत माणसाचे किती दिवस निघतात हे मला माहीत आहे, आणि ते उत्तर इथे लिहायला माझी हरकत नाही. पण तो निघाला आहे आणि अजून पोचलेला नाही, हेही तितकेच खरे आहे.

घर बंद करून मी सोमवारी स्पोकेनला चलावे, असे बॉइड याचे म्हणणे आहे. तो बाहेर गाडी चालू ठेवून बसला आहे. मी त्याला नाही म्हणून सांगितले. आज इकडे यायला निघताना गाडीचे दार उघडत होते, तेव्हा लाकडाच्या खोपटामागे एक बार झाला. बॉइड याने तो ऐकला. तो म्हणाला, "वहिनी, बस आत," आणि माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या जागेवरून मी हलले ते फक्त या जबाबासाठी. तेव्हा हा लवकर पुरा करावा.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. मी स्वतःही एकदा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सोमवारनंतर संपर्क कुठे करावा, असे डेप्युटी टॉबिन यांनी शेवटी विचारले. पत्ता वर लिहिलेला तोच. मी तिथेच थांबले आहे.

सही: रोवेना हॉस्केट
समक्ष: डेप्युटी आर. टॉबिन