समोरच्या वहिनींचा स्वेटर

(स्वयंपाकघरात आजी, लेक आणि नात, तिघी चिडीचूप. तेवढ्यात पातेल्यावरचं झाकण खडखडतं.)

लेक : गेलं. चाळीस सेकंद झाले होते.

आजी : मी काही केलं नाही हो. पाणी उकळलं, त्याला मी काय करू?

लेक : गॅस बंद कर म्हटलं होतं ना, आई. मला या खोलीची एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून हवी आहे. तुझ्या बोलण्यात जिथे कापाकापी होईल, तिथे ती जोडायची. नाहीतर ऐकताना ठेच लागते.

आजी : म्हणजे शांततेला ठिगळही शांततेचंच.

नात : मी तर श्वास पण घेतला नाही, आजी.

आजी : गुणाची गं माझी. आणि कापाकापी करणारच आहेस, तर त्या समोरच्या वहिनींना काप.

लेक : सकाळी कॅमेऱ्यासमोर तूच सांगितलंस.

आजी : बोलण्याच्या भरात सुटलं तोंडातून. तुझा मामा बघणार आहे ही फिल्म.

लेक : बेकरीवाले, बसचे ड्रायव्हर, शिंपीणबाई, सगळ्यांनी सांगितलं इथे येऊन कसे रुळले ते. पण तुझ्यासारखं कुणाचंच नाही. भाषा येत नाही, बोलायला माणूस नाही, म्हणून तू माहेरच्या पत्रांत अख्खी शेजारीण उभी केलीस. माझा माहितीपट तिच्यावर उभा आहे.

आजी : आणि मी कशावर उभी आहे? दादा अजून दर फोनला विचारतो, वहिनींचा दमा काय म्हणतो.

लेक : अजून? मग मारून का नाही टाकलंस त्यांना?

आजी : धीर होईना. माझ्याशिवाय होतं कोण त्यांना?

नात : दमा म्हणजे काय?

आजी : धाप लागते बघ जिना चढल्यावर. एकदा पत्रात लिहायला काही उरलं नव्हतं, म्हणून देऊन टाकला त्यांना दमा.

लेक : हे पण ठेवणार मी.

आजी : ऐक जरा. झाकली मूठ आहे ती, चाळीस वर्षं झाकलेली. हे स्थळ दादानेच आणलं होतं. आता या वयात त्याला कळायचं, की बहीण दिवसभर खिडकीशी बसून बसच्या चकरा मोजायची? जीवाला लावून घेईल तो.

लेक : (रेकॉर्डर पुन्हा शून्यावर आणते.)

आजी : तुझं बरंय. परक्या गावात गेलीस, पण खालच्या मजल्यावर काकू मिळाली. पोर तापली की धावत येते, तू कामावर गेलीस की सांभाळते. नशीब लागतं त्याला.

लेक : हं. विषय बदलू नकोस, आई. सकाळी म्हणालीस तो वहिनींचा स्वेटर कुठाय?

नात : मी घातलाय. हा त्या वहिनींचा?

आजी : त्यांचाच म्हणायचा. दमा आहे म्हटल्यावर माझ्या आईला राहवेना. लिहिलं, बिचारीला थंडी बाधत असेल, माप कळव, विणून पाठवते.

नात : मग?

आजी : मग काय. वहिनी असत्या तर मोजल्या असत्या. माझंच माप कळवलं. तीन थंड्या काढल्या त्याच्यात.

नात : आजी, माझ्या दोन्ही बाह्या लोंबतायत, पण एक जास्त लोंबतेय.

आजी : धुऊन आटली असेल.

लेक : एकच बाही कशी आटेल? इकडे ये बघू. आई, डावी बाही बोटभर आखूड आहे. आटलेली नाही, विणलीच आहे तशी. ओळी कमी आहेत.

आजी : डावी?

लेक : तुझा डावा हात लहानपणी मोडला होता ना?

आजी : पेरूच्या झाडावरून पडले होते. बोटभर आखूड बसला तो. शाळेचा स्वेटर विणताना आई तेवढी बाही कमी करायची, न बोलता.

लेक : माप कळवताना लिहिलं होतंस तसं?

आजी : छे. वहिनींचा हात कशाला मोडू? दोन्ही बाह्यांना एकच आकडा लिहिला.

लेक : आई.

आजी : थांब जरा. बोलू नकोस.

नात : आजी रडतेय?

आजी : नाही गं. अंगात इतका चपखल बसायचा, की कधी निरखून बघितलाच नाही. तिला ठाऊक होतं म्हणजे. आणि तरी जाईपर्यंत दर पत्रात लिहायची, वहिनींना वेळेवर जेवायला सांग, त्यांना एकटं वाटू देऊ नकोस.

लेक : काढून टाकू का वहिनींना? तू म्हणशील तसं.

आजी : राहू दे. दादालाही बघू दे. त्याला म्हणावं, डावी बाही नीट बघ. आणि गॅस बंद केलाय मी. घे तुझं मिनिट.

लेक : आता कुणी बोलायचं नाही हं. चालू केलं.

नात : आई.

लेक : श्श.

नात : हळूच विचारते. आपल्या खालच्या मजल्यावर तर कुलूप असतं. मग तू आजीला फोनवर सांगतेस ती काकू कुठे राहते?