लाडीचा थांबा

गाडीवान: आणि हे रूळ दिसतात ना, दगडांतून डोकं काढलेले, ते ट्रामचे. विजेच्या नव्हे हं, विहीणबाई. घोड्यांच्या. पुढे दोन घोडे आणि मागे डबाभर माणसं. माझे आजोबा हाकायचे.

विहीणबाई: डबाभर माणसं दोन घोड्यांच्या जिवावर? आणि घोडे काही बोलायचे नाहीत?

गाडीवान: चढ आला की तिसरा जोडायचे. वर पोचलं की त्याला सोडून द्यायचे. तो एकटाच टपटप खाली यायचा आणि पुढच्या ट्रामची वाट बघत उभा राहायचा. कुणी धरायला लागायचं नाही.

विहीणबाई: असा एखादा कंडक्टर आमच्या डेपोला मिळाला असता तर! आणि त्याच्याआधी काय होतं हो, व्याहीबुवा?

गाडीवान: त्याआधी पाय. ज्याची ऐपत तो मेण्यात, चार जणांच्या खांद्यावर. बाकी सगळे चालत. मग बैलगाड्या आल्या. मग टपालाच्या घोडागाड्या, त्यांत दोन-चार प्रवासी कोंबायचे. नुसतं गाव बघायला म्हणून माणसं घराबाहेर पडायला लागली ती तेव्हा. मग ट्राम. आणि मग तुमच्या बस आल्या नि आमचं वाटोळं झालं.

विहीणबाई: घ्या! मी नुसती चौकशीच्या खिडकीत बसायचे हो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल तेवढं सांगायचे.

गाडीवान: तेवढं सांगूनच केलंत ना! नाही, गंमत केली. खरं सांगायचं तर बसनं आमचं भलंच केलं. बसमधून उतरलेले पाहुणे हौसेनं बग्गीत बसायचे. आता त्या विजेच्या गाड्या आल्यात, बिनआवाजाच्या. लोक या माझ्या लाडी घोडीबरोबर फोटो काढतात आणि जाऊन त्यांत बसतात.

मुलगी: पण बाबांचं चांगलं चाललंय, आई. बाकीच्या दोन बग्ग्या सकाळीच भाड्यावर गेल्यात.

विहीणबाई: हो, म्हणालीस तू, सूनबाई. सकाळपासून दोनदा म्हणालीस. अगंबाई, पायाखाली काय वाजतंय हे? सीटखाली भांडी ठेवलीत की काय?

गाडीवान: ते होय... ते लाडीचं. हरभरे भिजवायचं.

मुलगी: बाबा, तळ्याकडून घ्या ना. आईंना तळं बघायचंय.

गाडीवान: तो रस्ता बंद केलाय आम्हाला. घोडे चालत नाहीत म्हणे तिकडे, फरश्या बसवल्यात. पुलावरून घेतो. लाडी! अगं, सरळ! सरळ म्हणतो ना! लाडी!

विहीणबाई: वळली की ही.

गाडीवान: बघा ना, आज काय भरलंय हिच्या अंगात. ए बाई, मागे हो! मागे!

विहीणबाई: अहो, ओढू नका एवढी. तोंड वेडंवाकडं झालं बिचारीचं. जाऊ दे ना या गल्लीतून. गल्ली काय वाईट आहे?

गाडीवान: अरुंद आहे. समोरून काही आलं तर पंचाईत.

(घोडी थांबते.)

विहीणबाई: आता?

गाडीवान: चल गं. चल माझी बाय. चल ना!

मुलगी: काय झालं, बाबा?

गाडीवान: काही नाही. नाल सैल झाली असेल. पाणी हवं असेल.

विहीणबाई: चौकातल्या हौदावर बादलीभर प्यायली की आत्ता. नाही हो, ही सवय आहे. आमच्याकडे एक ड्रायव्हर होता. निवृत्त झाला तरी स्कूटरवरून जाताना प्रत्येक थांब्याशी हळू व्हायचा. मागची माणसं शिव्या घालायची. हिचा थांबा आहे हा. रोजचा.

गाडीवान: रोजचा कसला! कधीतरी येतो इकडून.

विहीणबाई: ती रांग कसली आहे पण? तिकिटाची का? काही बघण्यासारखं आहे का आत?

गाडीवान: नाही, काही नाही बघण्यासारखं.

विहीणबाई: मग एवढी माणसं ताटं घेऊन कशाला उभी आहेत? सूनबाई, तुझी नजर चांगली आहे, वाच गं ती पाटी.

मुलगी: ‘दुपारचं जेवण. विनामूल्य. ताट आपलं आणावं.’

विहीणबाई: अस्सं. आणि खिडकीतली ती बाई हात कुणाला करते आहे?

गाडीवान: घोडीला. भाजीची देठं टाकते हिच्यापुढं. म्हणून तर थांबली, खादाड कुठली. लाडी, चल म्हटलं ना! पाहुणे बसलेत गं गाडीत!

विहीणबाई: घोडीला कुठे? तुम्हालाच करते आहे. आता वाढायचा डाव वाजवते आहे बघा. अहो, द्या की उत्तर. ओळखीची दिसते.

मुलगी: बाबा, सीटखाली हे...

गाडीवान: राहू दे ते.

मुलगी: फडक्यात बांधलेलं ताट आहे. तुम्ही तर हरभऱ्याचं...

गाडीवान: राहू दे म्हटलं ना, पोरी! ठेव ते खाली.

विहीणबाई: ताट? ताट कशाला बग्गीत?

मुलगी: अहो आई, मी सांगायचंच विसरले. बाबा इथे वाढायला येतात. दुपारी. म्हणजे धंद्यातून वेळ काढून. फुकट सेवा. म्हणूनच ती बाई हात करते आहे, वाढप्याला उशीर झाला म्हणून. हो ना, बाबा?

गाडीवान: लाडी, चल गं.

मुलगी: हो ना?

गाडीवान: ऊन फार झालंय. निघू या आपण.

विहीणबाई: काय हे, व्याहीबुवा! एवढं चांगलं काम करता आणि चकार शब्द नाही? काल रात्रभर आम्हाला मेणे आणि बैलगाड्या सांगत बसलात, हे नाही सांगितलंत! आमच्याकडची माणसं एक बाक ठेवतात थांब्यावर, तर त्याच्यावर सात पिढ्यांची नावं.

मुलगी: ते बोलत नाहीत, आई. त्यांना आवडत नाही बोललेलं. आता निघू या का?

विहीणबाई: निघायचं कशाला? त्या बाईचा खोळंबा झालाय. तुम्ही वाढा, मीही वाढते. हातपाय धड आहेत माझे अजून. घ्या, मला उतरवून घ्या. पायरी कुठे आहे हिची?

मुलगी: आई, नको! तुमचा गुडघा!

विहीणबाई: गुडघ्याला काय धाड भरली आहे? आणि त्या बाईला सांगते, म्हणावं, हे आमचे व्याही. माझ्या सुनेचे वडील. चार लोकांना कळलं पाहिजे. धर गं माझी पिशवी.

मुलगी: बाबा, काहीतरी करा. त्यांना सांगा, गर्दी आहे, आतून बंद आहे, काहीतरी सांगा ना!

विहीणबाई: कुजबुज काय चालली आहे तुमची? हात द्या मला.

गाडीवान: बसा, विहीणबाई.

विहीणबाई: अहो, पण...

गाडीवान: पाया पडतो तुमच्या, खाली बसा. त्या खिडकीशी जाऊ नका. तुम्ही विचारलंत तर ती बाई खरं सांगेल, तिला काय माहीत. मी इथं वाढायला येत नाही. जेवायला येतो.

मुलगी: बाबा...

गाडीवान: आता झालं. बोलून गेलो.

मुलगी: कशाला बोललात? मी सांभाळून घेतलं होतं ना सगळं!

गाडीवान: त्या माझी तारीफ करायला निघाल्या होत्या, पोरी, तीही त्या रांगेसमोर. त्या रांगेतली माणसं रोज माझ्या पुढं-मागं उभी असतात. मी त्यांच्याकडं बघायचं कसं मग?

मुलगी: कधीपासून?

गाडीवान: थंडीपासून. आधी रोज नव्हतं. एखादा पाहुणा मिळाला तर नाही यायचो.

मुलगी: आणि मी रोज दुपारी फोन करते. रोज विचारते, जेवलात का.

गाडीवान: हो म्हणतो ना मी? ते खोटं नाही बोललो कधी.

मुलगी: अहो, पण कुठे जेवलात ते कोण सांगणार? मी काय परकी आहे? एक शब्द टाकला असता तर...

गाडीवान: तर तू तुझ्या घरी सांगितलं असतंस. कुठल्या तोंडानं सांगितलं असतंस? तीन बग्ग्यांच्या मालकाची मुलगी ना तू?

मुलगी: ते मीच सांगितलं होतं. तुम्ही नव्हतं सांगितलं.

गाडीवान: मी ऐकून घेतलं. बरं वाटलं ऐकायला. एकदा तरी वाटलं, असू देत तीन.

मुलगी: आई, काहीतरी बोला तुम्ही. रागवा, पण बोला.

विहीणबाई: काय बोलू? तीन बग्ग्यांचं म्हणशील तर ते मला लग्नाआधीच ठाऊक होतं.

मुलगी: काय?

विहीणबाई: अगं, जन्म गेला माझा चौकशीच्या खिडकीत! चौकशी न करता मुलाचं लग्न करीन होय मी? एक बग्गी, एक घोडी, माणूस सरळ. एवढं मला इथल्या बसवाल्यांनी सांगितलं होतं. मला ते पुरेसं होतं. तू तीन म्हणालीस तेव्हा म्हटलं, म्हणू दे, बापाची लाज राखते आहे पोरगी.

मुलगी: आणि मी दोन वर्षं तुम्हाला ऐकवत होते. आज ही गेली भाड्यावर, उद्या ती गेली... जमीन दुभंगली तर बरं आता.

विहीणबाई: पण हे मला ठाऊक नव्हतं, व्याहीबुवा. हे कुणी नाही सांगितलं.

गाडीवान: कोण सांगणार? मी टोपी ओढून उभा राहतो. टोपी ओढून काही होत नाही म्हणा. ही बया गल्लीच्या तोंडाशी उभी असते, सगळ्या गावाला ओळखीची.

मुलगी: आणि हिला? हिला कुठून घालता?

गाडीवान: हिला कमी नाही काही. चारा, हरभरे, सगळं वेळेवर. जे मिळतं ते आधी तिचं. तिला उपाशी ठेवून गाडी ओढ कसं म्हणू?

विहीणबाई: काल रात्री आम्हाला एवढं वाढलंत. भाज्या काय, गोड काय. आणि तुम्ही म्हणालात, मी रात्रीचा खात नाही, वयानं पचत नाही.

गाडीवान: पाहुणे होतात तुम्ही.

विहीणबाई: मी दोनदा मागून घेतलं. वर म्हटलं, भात जरा फडफडीत झालाय.

गाडीवान: झालाच होता. मऊ जमत नाही मला.

विहीणबाई: गप्प बसा. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला, आणि तुम्ही भाताचं काय सांगताय? राग आलाय मला तुमचा, दोघांचा. मी एवढी वाईट आहे का हो, की माझ्यापासून लपवावं? सांगा ना. नाहीतर राहू द्या, घरी गेल्यावर सांगा. तो राग मी घरी काढीन. माझा स्वभाव माहीत आहे सूनबाईला.

मुलगी: माहीत आहे.

विहीणबाई: ती बाई झडप ओढायला लागली. उतरा तुम्ही.

गाडीवान: छे छे! आज नाही. आज राहू दे. एक दुपार नाही जेवलं तर काय होतंय?

विहीणबाई: रात्री जेवला नाहीत, आत्ताही नाही? उतरा म्हणते ना! घोडी आम्ही धरतो. इकडे द्या तो लगाम.

गाडीवान: धरायला नको. मी आत असेपर्यंत ही जागची हलत नाही.

मुलगी: बाबा, मी येते तुमच्याबरोबर. रांगेत उभी राहते.

गाडीवान: नको गं.

मुलगी: मला काही वाटणार नाही.

गाडीवान: मला वाटेल ना. तू बाजूला उभी असलीस तर घास उतरायचा नाही माझ्या घशाखाली. इतके दिवस जेवलो, कारण तू लांब होतीस. तू बघत असताना नाही जमणार, पोरी. खरंच नाही जमणार.

मुलगी: बरं. नाही येत.

गाडीवान: इथूनही दिसतं सगळं. ती खिडकी ही इथंच आहे.

मुलगी: जा तुम्ही, बाबा. मी खिडकीकडे पाठ करून बसते.