ओट्स गेले कुठे?

रक्त तपासायला आलेल्या शिंपीणबाईंनी हातातलं मासिक वाचल्यासारखं केलं. कान मात्र शेजारच्या आजोबांकडे आणि नर्सकडे होते.

“आजोबा, ओट्समधलं जे अंगात मुरतं, ते मागाहून लघवीत उतरतं. रोज ओट्स खायला देऊन या प्रयोगात आम्ही तेच मोजतो. तुमच्या बाटलीत त्याचा मागमूसही नाही!”

“माझं शरीरच चिकट असेल. सोडत नसेल.”

“खरं सांगा. ओट्सची वाटी कोण संपवतं?”

“...ही. आजारपणापासून अन्नाला शिवत नव्हती. वेगळं वाढलं की तोंड फिरवते. माझ्या वाटीत मात्र चमचा घालते. मी नुसता खाल्ल्यासारखं करतो.”

“मग प्रयोगातून तुमचं नाव काढावं लागेल.”

“काढा, बाई.”

“आणि उद्या आजींची बाटली आणा. बघू तरी, अंगी लागतंय का.”