रेकॉर्डरचा बीप

दादरच्या रिपेअरिंगच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या चाळीच्या कॅमेऱ्यांचा जुना रेकॉर्डर मेकॅनिकने काउंटरवर उघडून ठेवला होता.

"काकू, हार्डडिस्क गेलीय. फिरते, पण आतून टकटक येतेय."

"मग नवीन घाला."

"घालतो. पण तिच्यात आजपासूनचंच दिसणार."

"मला मंगळवार सकाळचं हवंय हो. आमचे हे गेटातून निघाले, ते लालबागकडे वळले की परळकडे, एवढंच बघायचंय. त्यांना घरचा पत्ता आठवत नाही. आज चौथा दिवस."

"मंगळवारचं रेकॉर्डच झालेलं नाही. शेवटची तारीख मार्चची आहे."

"असं कसं? स्क्रीनवर गेट रोज दिसतं. वॉचमन बघत बसतो."

"ते चालू चित्र, काकू. डिस्क मेली तरी ते दिसतं. पण डिस्क खराब झाली की मशीन बीप देतं, सारखं. कोणी ऐकलं नाही?"

"ऐकलं."

"मग?"

"मशीन आमच्याच दाराबाहेर लावलंय. बीप वाजला की हे दचकायचे, कोणीतरी आलंय म्हणून दार उघडायला धावायचे. सेक्रेटरींच्या मागे लागून आवाज मीच बंद करून घेतला."