मामांना न दिसणारी रेघ

मंडळी, घिवलीच्या या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच येतेय, आणि यावं लागलं ते अशा कारणाने. मला भाषण येत नाही. मधुकरमामांना जाऊन पंधरा दिवस झाले, तरी ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं की माझी नजर आधी त्यांनाच शोधते.

तुम्ही त्यांना गावातले म्हणून ओळखता. मी ओळखते ते बोईसरच्या आमच्या हॉस्पिटलातले. मी हाडांची डॉक्टर. गुडघा बदलताना पेशंटचा पाय कुणीतरी नीट धरून ठेवावा लागतो. तो मामा धरायचे. वीस वर्षं धरत होते, माझ्या आधीच्या सरांच्या वेळीही.

मग आमच्याकडे एक नवा चष्मा आला. तो घातला की उघड्या हाडावरच हिरवी रेघ दिसते. इथे कापा, या कोनात नवा सांधा बसवा. पण दिसते फक्त मला. पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "मॅडम, तुमाला काय दिसतं ते आमाला दिसत नाय. मोठ्यानं बोला." मला राग आला. खरं सांगते, आला. मी डॉक्टर, आणि हे मला शिकवणार? पण मामा कसले ऐकतात. मी जरा गप्प झाले की लगेच, "मॅडम, बोला." प्रत्येक ऑपरेशनला. "मॅडम, बोला."

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी असंच एक ऑपरेशन चाललं होतं. मी बोलत होते, "रेघ थोडी आत सरकली, तिथे कापते." मामा म्हणाले, "थांबा. पाय मी धरलाय. पाय हलला नाय. मग रेघ कशी हलली?" माझा हात होता तिथेच थांबला. हाडात एक पिन रोवलेली असते, तिच्या आधाराने चष्मा रेघ आखतो. ती पिन सैल झाली होती. मी करवत चालवली असती तर सांधा वाकडा बसला असता. आम्ही पिन नव्याने बसवली, सगळं पुन्हा मोजलं. त्या पेशंट बाई आज सालवडला स्वतःच्या घराचा जिना चढतात.

नंतर सगळे म्हणाले, मॅडमच्या वेळीच लक्षात आलं. आणि मी गप्प बसले. मामाही गप्प बसले. का बसले असतील? मी विचारायला हवं होतं. लाज वाटायची, म्हणून राहून गेलं. त्याचं फार वाईट वाटतं.

हे आज का सांगतेय? समोर आक्का बसल्यात. मामांची थोरली बहीण, दांडी गावच्या. येत्या सोमवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्या तयारच नव्हत्या. मामांनी समजावलं, "आक्का, पाय मी धरणार हाय. मग तर झालं?" तेवढ्यावर त्या हो म्हणाल्या. आता मामा नाहीत. नवा माणूस चांगला आहे, पण तो मला अडवेल का? मॅडमना "थांबा" म्हणायला त्याची जीभ रेटेल का? चारचारदा बजावलंय मी त्याला. तरी धाकधूक काही जात नाही.

आक्का, तुम्ही भरवसा कुणावर ठेवताय, हे तुम्हाला आधी कळायला हवं. त्या दिवशी चूक मी करणार होते. ती पकडली तुमच्या भावाने. तुम्ही नको म्हणालात तर मला राग येणार नाही. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करीन.

मामा, तुमचं श्रेय मी वर्षभर दाबून ठेवलं. मला माफ करा.

मंडळी, आता आपण दोन मिनिटं मामांसाठी शांत उभे राहू या. आक्का, तुम्ही बसून राहा. नाही, उठू नका, गुडघा दुखेल. अहो, ऐका ना... बरं. मग माझ्या खांद्यावर भार टाका. सगळा टाका.