मयूरीची ओटी आणि मालनबाईंची भाषा

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचा भार वाहणारे आदरणीय चंपतरावजी, व्यासपीठावर विराजमान सरपंच बयनाबाई, आरोग्य केंद्रातल्या सर्व भगिनी, आणि कापूस वेचणीचे दिवस असूनही बेल्याच्या या सभागृहात आवर्जून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आजचा निरोप मयूरीला आहे, आणि मयूरी माझी सून. आपल्याच सुनेचे गोडवे आपणच माइकवरून गायचे? संकोच वाटतो हो. पण चंपतराव म्हणाले, "मास्तर, तुमच्याशिवाय कोन बोलंल?" म्हणून उभा आहे.

आपल्या आरोग्य केंद्रातली ही नर्स आता वानुआतू नावाच्या देशात, एका बेटावरच्या इस्पितळात नोकरीला निघाली आहे. सोबत आमचा मुलगा राजकुमार आणि पाच वर्षांचा नातू प्रज्वल. प्रशांत महासागरातला हा देश. वस्ती जेमतेम तीन लाखांची, आणि भाषा शंभराहून अधिक! सगळ्यांना जोडणारी एक बिस्लामा, शिवाय शाळेत इंग्रजी नाहीतर फ्रेंच. हे ऐकून आमच्या देवाजींनी विचारलं, "एवढ्या भाषा, तं लोकं भांडतात कोन्या भाषेत?" मयूरी म्हणाली, "काका, तिथं जाऊन पाह्यते अन् फोन करते."

पण आपल्याला यात नवल वाटावं का? आपण राहतो तेलंगणात, घरात मराठी बोलतो, मंडल कार्यालयात तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी. बयनाबाईंच्या घरी गोंडी. मयूरी तर प्रत्येक बाळंतिणीला आधी विचारायची, "माय, कोन्या भाषेत बोलू तुयाशी?" मगच तपासायची.

आता घरातली गोष्ट सांगतो. जाण्याचं ठरलं आणि आमच्या मालनबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीनं, हट्ट धरला. "मी मयूरीची ओटी भरनार नाही," म्हणाल्या. ओटी भरल्याशिवाय आपल्याकडे लेकीसुना लांबच्या वाटेला लागत नाहीत, हे तुम्ही जाणता. मी विचारलं, "काऊन?" त्या म्हणाल्या, "पोरगं तिथली भाषा बोलंल. वापस येईल तवा माह्याशी काय बोलंल? माह्यावानी होईल त्याचं."

माह्यावानी म्हणजे काय, ते फार थोड्यांना माहीत आहे. मालनबाई निर्मल भागातल्या तेलुगू घरातल्या. लग्न होऊन आल्या त्या दिवशी माझ्या आईनं सांगितलं होतं, "या घरात तेलुगू चालनार नाही." मालनबाईंनी ते इतकं पाळलं, की राजकुमारला त्यांची अंगाईसुद्धा कधी ऐकायला मिळाली नाही. पुढे त्यांची आई वारली. आम्ही गेलो. बहिणी तेलुगूत आईचे गुण आठवून रडत होत्या. मालनबाई बसल्या, आणि तोंडून निघालं, "माय वं, माय!" सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. स्वतःच्या आईसाठी रडायला या बाईला आईच्या भाषेतले शब्द सापडेनात.

गेल्या आठवड्यात फोनच्या पडद्यावर मयूरीच्या तिथल्या होणाऱ्या घरमालकीणबाई दिसल्या. रेचल नावाच्या आजी. मयूरी मध्ये बसून इकडचं तिकडं सांगत होती. त्या आजी दुसऱ्या बेटावरून लग्न होऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात सून येते ती आपली बोली घेऊनच येते. नातवंडांशी मी माझ्या बोलीत बोलते, सून तिच्या. तुमचा नातू येईल तेव्हा त्याच्या आजीची कोणती बोली घेऊन येईल?"

मालनबाई म्हणाल्या, "माही तं मीच नाही आनली." आणि पदर डोळ्याला लावला.

त्या संध्याकाळपासून आमच्या अंगणात आजी आणि नातू काहीतरी कुजबुजत बसलेले दिसतात. मी जवळ गेलो की दोघंही गप्प! काल मालनबाईंनी विचारलं, "अहो, ओटी भरीन मी. पन आशीर्वाद माह्या भाषेत देऊ का? भिंतीवर तुमच्या आईचा फोटो हाय." मी म्हटलं, "घरात नको, सभागृहात द्या. सगळ्या गावाला ऐकू द्या."

मालनबाई, या. मयूरी, पदर पुढे कर बेटा. प्रज्वल, तूही ये.

मागच्या मंडळींना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. ओटीत नारळ आणि ज्वारी घालून मालनबाई सुनेला आणि मग नातवाला म्हणाल्या, "वेळ्ळि रा." जाऊन ये. अहो, किती वर्षांनी ऐकला मी हा आवाज!

अध्यक्ष महाराज, वेळ बराच घेतला. आपण सर्वांनी माझ्या सुनेला आपली लेक मानलंत, त्याचं ऋण मोठं आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या.

आणि एक राहिलं. प्रज्वलनं आजीला उत्तर काय दिलं, तेही तुम्हाला ऐकू गेलं नसेल. तो म्हणाला, "वस्ता, नानम्मा." येतो, आजी. आमच्या घरात मालनबाईंना या नावानं आजवर कोणीही हाक मारली नव्हती.